कुलूप स्वतःचं आणावं

एकोणीस पौंडांत ग्लासगोमध्ये जे मिळतं ते मी घेतलं:
आठ बायकांची खोली, खाट क्रमांक पाच, खालची.
निवडायला तीन रात्री लागल्या.
राहून गेलेल्यांनी लिहिलेलं वाचत बसले, तांदूळ निवडावेत तसं.
पाव फुकट, पण टोस्टर जळका.
खिडकी अडते. स्टेशन चालत सात मिनिटं,
रात्री मात्र मागच्या गल्लीनं येऊ नका.
एकीनं नुसतं एवढंच लिहिलेलं,
कुलूप स्वतःचं आणावं.
तिथं मी बोट टेकवलं.

एकतीस वर्षं मिरजेच्या सहकारी बँकेत
लॉकर माझ्या ताब्यात होते.
कुलपाचं मला कुणी सांगू नये.
एक किल्ली बँकेची, एक गिऱ्हाइकाची,
दोन्ही फिरल्याशिवाय पेटी उघडत नाही,
आणि उघडली की आपण पाठ करून उभं राहायचं.
कुणाचं सोनं, कुणाचे कागद,
एकीचं म्हणे नुसतं बाळाचं टोपडं.
मी पाहिलं नाही.

भाच्यानं, निनादनं, फोनवर बजावलं:
पासपोर्ट अंगावर. पैसे दोन ठिकाणी.
दाराचा आकडा कुणाला सांगायचा नाही.
फार गोड बोलेल त्याच्यापासून आधी लांब.
मी सलवारीच्या नेफ्याला आतून खिसा शिवला,
वर सेफ्टी पिन.

दारात एक पोरगा सिगारेट ओढत होता,
मानेवर निळा मासा गोंदलेला.
मी पिशवी पोटाशी धरली.
त्यानं ते पाहिलं
आणि जरा बाजूला सरकला.

वरच्या खाटेवर सत्तरीची बाई, इशबेल.
लुईस बेटावरून आलेली, आधी बोट, मग बस, मग पुन्हा बस.
सकाळी डोळ्याच्या दवाखान्यात नंबर.
तिला शिडी चढवेना, मी माझी खाट दिली.
वरून सगळी खोली नजरेत राहील, हाही हिशेब होताच.
दिवे मालवल्यावर ती कुजबुजली,
"तुम्ही इथल्याच ना?
हे शहर बरं आहे का हो, आमच्यासारख्यांना?"
काय सांगणार. मी कालच उतरलेली.
म्हटलं, "दार नीट लागतं."

मग तिनं कानातलं यंत्र काढलं.
सवयीनं मी पाठ केली.
पेपरमिंटच्या डबीत ते ठेवून
डबी तिनं माझ्या हातात दिली,
बोटानं माझं पितळी कुलूप दाखवलं.

सहाला जाग आली तर खालची खाट रिकामी,
पांघरूण घडी घातलेलं,
आणि डबी माझ्या पेटीत.
उठवायला संकोचली असेल. विसरलीही असेल.
पळाले.
गाउनवर स्वेटर, पायात बाथरूमच्या चपला,
पेटी सताड उघडी, सलवार खुंटीवर,
तिच्या नेफ्यात माझं नाव, गाव, जन्मतारीख.
उतार ओला होता.
ती बसथांब्यावर, रस्त्याच्या चुकीच्या बाजूला उभी.
हाका मारून उपयोग नाही
हे बऱ्याच हाका मारल्यावर लक्षात आलं.
डबी दिली, रस्ता ओलांडून दिला, बस आली.

परत आले तर दाराचा आकडा आठवेना.
चारच आकडे.
काचेआड तोच, माशावाला,
हातात चहाचा मग.
मी खूण केली, उघड की रे.
त्यानं केसांपासून चपलांपर्यंत मला पाहिलं
आणि मान हलवली.
"माफ करा, अनोळखी माणसाला आत घ्यायचं नाही."
काचेतून आवाज बारीक आला.

खरं तर राग यायला हवा होता.
पायरीवर बसले. दगड गार.
निनादला सांगायला हवं, जागा चांगली आहे.
तोही तिथंच थांबला, आत,
काउंटरवरची बाई येईपर्यंत.
थोड्या वेळानं काचेवर टकटक.
मग उंच धरून, रिकाम्या हातानं चमचा ढवळल्यासारखं करून
तो विचारत होता, साखर किती?
मी दोन बोटं वर केली.