लागू नाही

मंगळवारी सहानंतर हब्तोम येतो
विनिपेगच्या या बसक्या वाचनालयात,
तीन नंबरच्या संगणकापाशी.
त्याच्या चर्चमध्ये जोडे दाराशी काढतात,
तसे हातमोजे काढतो, बोटांवर फुंकर घालतो,
मग पासवर्ड.

मी इथं परत आलेली पुस्तकं लावते.
वकील नाही, हे त्याला दोनदा सांगितलंय.
तो म्हणतो, माहितीय ओरिस्या, पण तुला शब्द येतात.

पहिल्यांदा होतं : अर्ज मिळाला.
तो खूश.
मी म्हटलं, त्यांना मिळाला. तुला अजून काही नाही.

नंतर पाच महिने : प्रलंबित.
खालच्या रकान्यात बायको लेतेकिदान
आणि येमाने, वय नऊ : अवलंबित.
हाही तसलाच शब्द?
तसलाच. टांगलेला. खुंटी तेवढी वेगळी.
कागद त्यांना टांगलेला, ती दोघं तुला.
तो हसला. कोंबड्यांच्या कारखान्यात
दिवसभर आकड्यांवरून काय सरकत जातं
ते त्याला मी सांगायला नको होतं.

वैद्यकीय तपासणी : वैध, अमुक तारखेपर्यंत.
दुधासारखी, तो म्हणाला.

पार्श्वभूमीची तपासणी : लागू नाही.
त्याचा चेहरा उतरला.
अरे, हा नकार नव्हे.
म्हणजे अजून वेळ आली नाही,
किंवा गरजच नाही,
किंवा करून झाली आणि कुणी सांगितलं नाही.
त्यानं तिन्ही अर्थ तिग्रिन्यात वहीत उतरवले,
पेन खिशाला लावलं, आणि म्हणाला,
डॉक्टर म्हणतात औषध लागू नाही,
तेव्हा मात्र एकच असतो.

आज उणे एकतीस.
आज : निर्णय झाला.

बस्स. कुठला, ते नाही.
कुणी घेतला, तेही नाही.
नुसता 'झाला', हात झटकून उभा.
निकाल लागतो, तसा निकाल लावतातही.
हे मी त्याला सांगितलं नाही.
म्हटलं, पत्र येईल.
कधी, त्यानं विचारलं.
मी वाचल्यासारखं केलं. तिथं काही नव्हतं.

फोन लाव ना तिला.
त्यानं घड्याळ पाहिलं.
अदिस अबाबात आता पहाटेचे चार.
झोपू दे, म्हणाला,
एवढी रात्र राहू दे प्रलंबित.

खिडकीतून दिसत होता :
इंजिन गोठू नये म्हणून गाडीला जोडलेली वायर
काढून कोपरावर गुंडाळत होता,
सावकाश, एकेक वेढा सारखा करत.

तीन नंबर बंद करायला गेले
तर पान उघडंच.
दुसऱ्याचं आहे, हात लावू नये, कळत होतं.
तरी एकदा रिफ्रेश केलं.

झाला.

बाहेर त्याच्या गाडीचे दिवे लागलेले,
गाडी तिथंच.