काढून टाकताना

निपाणीत, कोपर्ड्यांच्या तंबाखू वखारीत
कीबोर्ड उलटा केला की शिंक येते.

हिशेबाचा जुना प्रोग्राम काढायचा होता.
जाईना.
'हा प्रोग्राम कोणीतरी वापरत आहे,
आधी बंद करा.'
कोण वापरणार? ईरगोंडा मुनीम
वारून दोन दिवाळ्या झाल्या.

टास्क मॅनेजरमधून मारला, परत उठला.
सेफ मोडात फोल्डर पुसला,
रजिस्ट्रीतली मुळं उपटत बसलो.
मालक पाठीशी उभे:
"त्यो असाच हुता की. जेवाय ऊठ म्हटलं
तरी बेरीज जुळल्याबिगर उठायचा न्हाई."

शेवटी गेला. पंखा बंद केला, बॅग भरली.
सात वाजता
पडद्याच्या कोपऱ्यात चौकोन उघडला:
अकरा पैशांचा फरक आहे. शोधू?

माझा हात माऊसकडे गेला.
"थांब," मालक म्हणाले,
"होय दाब."