नोकरी गेल्याचा दाखला

शलाकाचा फोन आला तेव्हा मी गॅसजवळ उभा होतो,
दुधावर लक्ष ठेवून.
म्हणाली, बाबा, माझं काम गेलं.
तिच्याकडे पहाटेचे साडेतीन वाजले असणार,
एवढाच हिशोब मला सुचला.
दूध उतू गेलं.

मग तिने नीट समजावलं,
चौथीत मी तिला अपूर्णांक समजावायचो तसं:
इथे काम गेलेल्या माणसाला पैसे मिळतात,
पण आधी काम गेलं हे सिद्ध करावं लागतं.
आधीचंही सगळं मागतायत.
पुण्याच्या कंपनीचं पत्र आणशील?
कधी लागले, कधी सोडली. शिक्क्यासकट.

शिक्क्यासकट, म्हणून मी हिंजवडीला निघालो.
दोन बस, ज्येष्ठांचा पास.
कंडक्टर म्हणाला, काका, तुम्ही कुठं आयटीत?
म्हटलं, मुलाखत आहे.

त्या इमारतीत कंपनी नव्हती.
पाचव्या मजल्यावर आता दात सरळ करून देतात.
वॉचमन उदगीरचा. म्हणाला, ते लोक बाणेरला गेले,
का बंगळूरला, 'ब'वरून होतं कायतरी.

बाणेरला एका मुलीने पाणी दिलं.
गळ्यातल्या पट्ट्यावर तन्वंगी घारपुरे.
संगणकात बघत म्हणाली, शलाका ओतूरकर खूप जुन्या दिसतायत,
एम्प्लॉयी आयडी आहे?
मला शलाकाचं जन्माच्या वेळचं वजन पाठ आहे.
आयडी नव्हता.

पत्राला अकरा दिवस लागले.
पुढे शिवाजीनगर कोर्टाबाहेर नोटरी,
मग प्रभात रोडवर जर्मन भाषांतर, पानाला बाराशे.
पान एकच होतं,
पण मागे शिक्का उमटला होता, त्याचेही बाराशे.

एक गोष्ट शलाकाला सांगितलेली नाही.
भोसरीत आमचा पंपांचा कारखाना बंद झाला
तेव्हा तिला नुकता दुसरा दात आला होता.
फाटकावर नोटीस, एक पान, खाली सही कुणाची ते लागेना.
मी रात्री जाऊन ती सोलून आणली.
का, ते विचारू नका.
जणू फाटकावर नसली म्हणजे कारखाना चालू.

सोसायटीत सांगितलं, रात्रपाळी लागलीय,
म्हणजे दिवसा घरी दिसलो तरी चालेल.
पण मग रात्री मी घरात असून चालत नव्हतं.
साडेनऊला डबा घेऊन जिना उतरायचो,
अकरा वाजता चपला हातात घेऊन वर.
दिवा लावायचा नाही, खोकायचं नाही.
कुंदा मोरीतल्या दिव्याखाली पाटावर बसून
लोकांच्या साड्यांना फॉल लावायची.
सात महिने.
शेजारचे डोंगरे एकदा म्हणाले, रात्रपाळीचा भत्ता चांगला असेल.
मी म्हटलं, बरा आहे.

आणि माझी मुलगी नंबर घेऊन खुर्चीत बसते,
काचेपलीकडच्या बाईला मोठ्याने सांगते, मी बेकार आहे,
आणि बाई मान हलवून लिहून घेते.
मी तिला विचारलं, मोठ्याने सांगावं लागतं?
हो बाबा, काच जाड आहे.

परवा फोन आला. मंजूर झालं.
तिथले चौदा महिने धरले,
पुण्यातली सहा वर्षं धरत नाहीत.
तुझी धावपळ फुकट गेली रे, म्हणाली.
पत्र माझ्याकडेच आहे, त्या नोटिशीच्याच फायलीत,
दोघांना एकच टाचणी पुरली.

मी विचारलं, तिथे कुणी ओळखीचं भेटलं?
हो ना, खालच्या मजल्यावरचा एकजण होता रांगेत.
बघितलं त्याने तुला?
बघितलं की. हात केला.
मग तू?
मीही केला. का?

काही नाही, म्हटलं,
आणि थंडीचं विचारलं.