आठ जीबी साकु

खडेबाजारात मठपतीच्या दुकानी
मी यादी उलगडली. त्यानं पेन काढलं.
"अप्पा-अव्वाला हाय न्हवं? आठ जीबी साकु."
ग्राफिक्स कार्डावरही काट.
वाचलेल्या पैशात यूपीएस बसला;
खानापुरात वीज सांगून जात नाही.

मॉनिटर जुना, पण बावीस इंची,
बाबांच्या मोतीबिंदूच्या मापाचा.

कीबोर्डवर नुसतं कन्नड होतं.
बाबांचं ठीक, सगळी नोकरी
तालुका कचेरीत त्याच लिपीत गेली.
आईसाठी मराठीचे स्टिकर घेतले, वीस रुपये.
तिनं ते रात्री चिकटवले,
बटणाच्या कोपऱ्यात, तिरके,
त्यांचं एकही अक्षर न झाकता.

ळ दोन्हींचा एकाच बटणावर निघाला.
बाबा म्हणाले,
बरं झालं, तेवढाच खर्च वाचला.