रसिकने ६००

बाबांच्या सायकल-दुकानाची वही
सुरसागरच्या दमट हवेत चाळीसेक वर्षं फुगत राहिली
आणि दुकान विकलं त्या दिवशी
तेलाच्या डब्याखालून निघाली.
पानोपानी ग्रीसचे अंगठे.
पंक्चर, छर्रे, ब्रेकचे रबर, उधारी,
अर्धं मराठी, अर्धं गुजराती.
बाबा घाईत शिरोरेघ ओढत नसत,
त्यामुळे कुठली भाषा कुठे संपली
हे अक्षरांनाही ठाऊक नसावं.

शेवटच्या पानावर एकच ओळ:
रसिकने ६००.

तारीख नाही. क्रियापद नाही.

मी बत्तीस वर्षं मराठी शाळेत व्याकरण शिकवलं,
वर्गात सात मुलं उरेपर्यंत.
ने, ए, शी. तृतीया.
करणारा तो, देणारा तो.
म्हणजे रसिककाकांनी सहाशे दिले
आणि आम्ही ते परत केले नाहीत.
तेव्हाचे सहाशे, म्हणजे दोन कोऱ्या सायकली, घंटीसकट.
त्याच साली माझी कॉलेजची फी भरली गेली होती,
कशी, ते मी कधी विचारलं नव्हतं.

रात्री कोश काढून बसलो. झोप येणार नव्हतीच.
कुणी म्हणतं, आमचा ने संस्कृतातल्या एन-चा वंशज,
देवेन, हस्तेन, कुणाच्या तरी हातून.
कुणाला हे मुळीच पटत नाही,
ते तळटिपेत बारीक टाइपात भांडतात.
गुजरातीतला ने म्हणे दुसऱ्याच घरचा:
कर्ण, मग कन्हे, म्हणजे कानाशी, म्हणजे जवळ,
आणि झिजत झिजत नुसता ने.
एक हातातून निघालेला,
एक कानाशी पोचलेला,
आणि मांडवीच्या दरवाज्यात दोघे
एकाच तोंडावळ्याचे.

हे सगळं मी वाचलं, आणि तरीही
माझ्या डोक्यात तृतीयाच चालू राहिली. सवय.

सकाळी बँकेतून सहा हजार काढले.
व्याजाचं गणित मला कधीच आलं नाही.
तरुलता पटवा, घडियाळी पोळ, दुसरा जिना.
लहानपणी आम्ही दुकानातल्या एका तीनचाकीवरून
एकमेकांचे केस ओढलेले.
ती घरी नव्हती. शेजारणीकडे वही ठेवली,
शेवटच्या पानात पाकीट.
सुटल्यासारखा चालत आलो,
वाटेत सेवउसळ खाल्ली, जास्तीची तर्री मागून.

तिसऱ्या दिवशी ती माझ्या दारात.
वही, माझं पाकीट, आणि वर
रुमालात बांधलेलं आणखी एक.
चष्मा कपाळावर चढवून तिने ओळीवर बोट ठेवलं.
‘रसिकने, एटले पप्पाने,’ म्हणाली,
‘तारा बापुजीए आप्या. अमे पाछा क्यां आप्या?’

तिचा ने म्हणजे ला.
माझ्या तृतीयेत जो देत होता
तो तिच्या चतुर्थीत हात पसरून उभा.
तिचा देणारा ए-वर चालतो,
जो माझ्याही पाढ्यात होता, दुसऱ्या नंबरवर,
आणि ज्याच्याकडे मी बत्तीस वर्षं
खडू झटकत दुर्लक्ष केलं.

दोन ऋणको. धनको कुणीच नाही.
तासभर भांडलो, ती माझ्या भाषेत, मी तिच्या,
आणि प्रत्येकाचा हट्ट एकच
की बुडवलं ते माझ्याच बापाने.
चहावर साय धरली.
बाबांचं क्रियापद बाबांबरोबर गेलं,
रसिककाकांचं त्यांच्याबरोबर.

शेवटी ती उठली तेव्हा
दोन्ही पाकिटं वहीत घालून
मी तिच्या हातात कोंबली.
म्हटलं, ‘ने.’
आमच्याकडे हे क्रियापदही आहे,
आज्ञार्थ, एकवचन:
उचल, घरी घेऊन जा, मिटव.

ती उंबऱ्यात थांबली,
पिशवी अर्धी उघडी.
तिच्याकडे ने म्हणजे आणि.
हूं ने तूं.
ने नंतर तिथे कुणीतरी यायचंच असतं.

‘ने?’ तिने विचारलं.