चावी

चेलीपुऱ्याची चावी उलटी फिरते.
बाकी सगळ्या डावीकडे उघडतात, ही उजवीकडे.
कुणी बसवली, कधी,
कार्यालयातल्या एकाही रजिस्टरात नाही.
मला चाँदपाशांनी सांगितलं,
त्यांना त्यांच्या उस्तादांनी,
आणि मी ज्याला सांगायचं तो पोरगा
ठेकेदाराकडे अकरा महिन्यांच्या बोलीवर आहे.

एकतीस वर्षं मी हे पुरे पाण्यावरून ओळखतो.
बेगमपुऱ्यात पाणी चढायला अठरा मिनिटं,
कुंभारवाड्यात सात.
जयसिंगपुऱ्यात टोकाच्या चार घरांना पोचतच नाही,
तिथं मोटार लावतात, मी बघत नाही.
खोकडपुऱ्यात आठव्या दिवशी नळाला आधी हवा येते,
एक लांब सुस्कारा,
मग लाल पाणी, मग पाणी.
बायका त्या सुस्काऱ्यालाच हंडे उचलतात.

कोणता पुरा कुणाचा, मला विचारू नका.
नावं सरदारांची,
राहतात रंगारी, कासार, भोई, शाळेचे शिपाई.
हिमरूवाल्यांनी मागाचे खड्डे बुजवून
वर शिलाईच्या मशिनी ठेवल्यात.
खड्डा होता तिथली फरशी पाय पडला की
अजून पोकळ वाजते.

दारांवर तीन-तीन नंबर:
निळ्या पत्र्यावर उर्दू आकडे,
त्याखाली चार-सात-बत्तीस,
त्याखाली गेल्या मोजणीचा खडू.
पत्ता मात्र सांगतात,
"वैद्यांची म्हैस आडात पडली होती ना, त्याच्या समोर."
म्हैस पडली तेव्हा माझा जन्मही नव्हता.
तरी मी बरोबर पोचतो.

चाँदपाशा सळईचं एक टोक जमिनीला लावायचे,
दुसरं कानाला.
"सुन. ऊपर जो चिल्लाता, वो बीड का पाइप.
नीचे जो गुनगुनाता, वो मिट्टी का.
बादशाही."
पहिलं वर्षभर मला माझाच कान ऐकू आला.
मग एका पहाटे, लोटा कारंजाजवळ,
खाली कुणी तरी तांदूळ धूत होतं.

गेल्या वैशाखात नवी लाइन टाकताना
निकाळजे मॅडमनी टॅब पुढं केला,
"इथं काहीच दाखवत नाही."
मी सळई लावली. म्हणालो, आहे.
जेसीबी थांबवून हातांनी उकरलं.
पुरुषभर खोल, चुन्यात बसवलेला
भाजल्या मातीचा नळ,
अंगावर चाकाचे वळसे तसेच,
कुंभारानं आत्ताच हात काढल्यासारखे.
एके ठिकाणी चीर.
तिथून पाणी, थंडगार.

मॅडमनी ओंजळ भरली. प्यायल्या नाहीत.
ओंजळ गळून जाईपर्यंत बघत राहिल्या.
मग खालच्या आवाजात,
"मामा, नकाशात नाही. बंद करावं लागेल."

मीच केलं.
गोणपाटाचा बोळा, दोन घमेली सिमेंट.
हात हलला नाही.
रात्री जेवलोही नीट.

तिसऱ्या दिवशी रंगारगल्लीतून तुळजाराम आला,
कोपरापर्यंत निळा.
"बहात्तरच्या दुष्काळात आटला नव्हता आमचा हौद.
आता कामून आटला?"
मी म्हणालो, बघतो.
"तुम्हीच बघा बाबा," तो म्हणाला,
"तुम्हालाच ऐकू येतं."

बरेच दिवस मी त्या गल्लीत सळई नेली नाही.
एकदा नेली.
वरचा ओरडत होता. खाली,
मी कान बदलून पाहिला.

रजिस्टरात रंगारगल्लीला चाळीस मिनिटं आहेत.
मी पंचेचाळीस देतो.
ती पाच कुठून येतात हे चेलीपुऱ्याला माहीत नाही,
माहीत झालं तर भांडण होईल,
आणि ते बरोबरच असेल.
तुळजाराम चौकटीत उभा राहून
माझ्या हातातल्या चावीकडं बघतो, काही बोलत नाही.
पाच मिनिटांत हौद भरत नसतो.
दोघांनाही ठाऊक आहे.