उलट्या बाजूने

सोहारच्या औद्योगिक वसाहतीत, शेड क्रमांक चौदा.
नऊ वर्षं मी इथे चादरींना इस्त्री केली
आणि गेल्या रविवारपासून
माझ्या खिशाला पेन आहे.

पहिल्या दिवशी कुणी काही बोललं नाही.
दुसऱ्या दिवशीही नाही.
मी आत आलो की मोतालेब आपली बांगला सोडून
एकदम हिंदीवर येतो, जपून,
पाहुण्याशी बोलावं तसा.
टेकबहादूर माझा चहा वेगळा आणतो,
बशीसकट.
बशी!
नऊ वर्षांत या शेडमध्ये मी बशी पाहिली नव्हती.

गुरुवारी इस्पितळातून चाळीस चादरी परत आल्या.
सोबत अरबीत कागद, लाल शाईच्या रेघा मारलेला.
ओलसर आहेत. घडीत कुबट वास येतो.
अबू हमदनी मला तो वाचून दाखवला,
घडी घालून माझ्या खिशात सरकवला, पेनाशेजारी.
"तू त्यांच्यातला, म्हणून तुला नेमलं.
चुकलं का माझं?"
एवढंच.
शिव्या खायची तयारी करून गेलो होतो मी.
शिव्या पचतात.

मग करू नये ते केलं.
शेडमध्ये येऊन, यंत्रांच्या वर आवाज चढवून
तेच सगळं त्यांच्यावर ओतलं,
आणि पंख्याचं नाव काढलं नाही,
बॉयलरमागच्या त्या मोठ्या पंख्याचं,
जो विजेचं बिल कमी दाखवायचं म्हणून
सोमवारी मीच बंद केला होता.

सुट्टीच्या भोंग्यानंतर
वाफेनं आंधळ्या झालेल्या काचेवर
बोटानं लिहिलेलं दिसलं:
साहब को गर्मी नहीं लगता.

देवनागरीत.
इथे ही लिपी दोघांनाच येते,
टेकबहादूरला आणि मला.
पहिल्यांदा वाटलं, सापडला चोर.
मग उभा राहिलो, अक्षरं ओघळून खाली येईपर्यंत,
आणि उशिरा कळलं,
की बाकी कुणाला वाचता येऊ नये
म्हणूनच लिहिलं होतं ते.

रात्री बायकोचा फोन.
कणकवलीत पेढे वाटून झाले होते.
"कसं वाटतंय साहेब झाल्यावर?"
म्हटलं, इथे गरम आहे फार.

झोप येईना तेव्हा आठवलं,
मी नवा असताना मोतालेबनं शिकवलेलं:
डाग सरळ बाजूला शोधायचा नाही रे,
चादर उलटी कर, ट्यूबलाइटसमोर धर,
मग दिसतो.
कागद काढला. उलटा धरला.
लाल रेघा पलीकडून फिकट दिसत होत्या
आणि ओलसरपणाचं कारण माझ्याच हातचं होतं,
त्या एका बटणाचं.

शनिवारी पहाटे सगळ्यांच्या आधी पोचलो.
पंखा दोनदा खोकला, मग लागला.
माणसं आली तेव्हा म्हणालो,
अर्धं हिंदीत, उरलेलं हातवाऱ्यांनी:
पंखा मी बंद केला होता. चादरी माझ्यामुळे परत आल्या.
अबू हमदना हेच सांगणार आहे.

कुणी काही बोललं नाही.
कुणी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत.
मोतालेबनं नाक शिंकरलं आणि रोलर सुरू केला.
दहाच्या सुमारास टेकबहादूर चहा घेऊन आला.
बशी होतीच,
पण आज अर्धा चहा
बशीत सांडलेला होता.